हलका हात

आमच्या कॉलेजात माझ्यापेक्षा वाईट शिकवणारी आणि माझ्यापेक्षा लाडकी अशी एकच बाई होती, आणि ती नेमकी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

आता कोणी म्हणेल, हेव्यापोटी बोलते आहे. हेव्यापोटीच बोलते आहे. नोकरी सोडून ती वरवट बकालला आपल्या शेतात जाऊन राहिली त्याला बराच काळ झाला, पण अजून तिचं नाव निघालं की मी विषय बदलते. तिचं कौतुक करणारे खामगावात पैशाला पासरी आहेत. कौतुक त्यांच्याकडून ऐका. मी आपली माझी बाजू सांगते. वयाने ती माझ्याहून मोठी, तिला 'त्या' म्हणायला हवं, पण मनात मी तिला कधीच अहो-जाहो केलं नाही, तेव्हा इथे तरी कशाला खोटं बोलू?

आमचं कॉलेज दातांचे डॉक्टर घडवणारं नव्हे. डॉक्टरच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुली घडवणारं. एका वर्षात असिस्टंट, दोन वर्षांत हायजिनिस्ट. असिस्टंटने ट्रे मांडायचा, लाळ ओढायची, डॉक्टरच्या हातात वेळेवर अवजार द्यायचं. हायजिनिस्टने दातांवरचं किटण खरवडून काढायचं आणि लोकांना दात घासायला शिकवायचं. मुली आसपासच्या तालुक्यांतून सकाळच्या एसटीने यायच्या, डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन. मी त्यांना शास्त्र शिकवायचे, बाई प्रात्यक्षिक. म्हणजे कोणत्या दाताला किती मुळं असतात ते मी सांगायचे, आणि त्या दातापर्यंत माणसाला न दुखवता पोचायचं कसं ते ती दाखवायची. मुळं पाठ करून कोणी कोणाच्या प्रेमात पडत नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

सगळे तिला 'बाई' म्हणायचे, कारण तिने तसं सांगितलं होतं. "मॅडम म्हनलं की मले मांगं पाह्यावं वाटते, कोन आलं म्हून." मला सगळे 'मॅडम' म्हणायचे, कारण मी तसं सांगितलं होतं.

ती रुजू झाली त्या दिवशी मी रीतसर नमस्कार केला, हसले, बसायला खुर्ची पुढे केली. ती खुर्चीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, रात्री दात खाता वाटते तुम्ही. पार सपाट झाले. कोनावर वो एवढ्या?"

स्टाफरूममधले सगळे हसले. मी त्यांच्यात तेव्हापर्यंत दहा वर्षं उठत-बसत होते, आणि माझ्या दाढा कोणी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा मी कोणावरही दात खात नव्हते. नंतर खायला लागले.

तिला चेहरा लक्षात राहायचा नाही, नाव तर नाहीच. दात राहायचे. बसस्टँडवर कोणी ओळख दाखवली की ती गोंधळून उभी राहायची, समोरचा हसला की लगेच, "अवं, तू तं ते वाकड्या सुळ्याची!" वर्गातल्या मुलींना तिने त्याच हिशेबाने नावं ठेवली होती. वाकडा सुळा, दुधाचा दात, कुऱ्हाड, खिडकी. मी असं एखादीला म्हटलं असतं तर तिचे वडील दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दारात उभे राहिले असते. तिने म्हटलं की मुली खूश. वाकड्या सुळ्याची मुलगी तर आपल्या सुळ्यावर इतकी प्रसन्न झाली की फोटोत मुद्दाम तोंड तिरकं करून तो दाखवायला लागली.

तिची बाकी कामं म्हणजे आनंद होता. सोमवारी तिची बस हमखास चुकायची. हजेरीपट कोरा. नावं आठवत नसल्यामुळे एकीची ड्यूटी दुसरीला लागायची. अर्धा अभ्यासक्रम ती शिकवतच नसे आणि तो मला माझ्या तासात उरकावा लागायचा. अवजारांची इंग्रजी नावं तिच्या तोंडी अशी काही निघायची की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा तिला विचारलं, हे अवजार आपल्याकडे नवीन आलं का? मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता हिची गंमत होणार. तर ती म्हणाली, "नाई सर, अवजार जुनंच हाय, नाव माह्याकडून नवीन हाय." परीक्षक इतके हसले की त्यांच्या मागच्या दाढेतली कीड मला सुद्धा दिसली. त्यांना तिच्याकडून दात साफ करून घ्यायचे होते. जाताना करून घेऊनच गेले.

आणि ती बोलायची कशी? मी जानेफळची. मलाही 'मले-तुले' बोलता येतं. पण पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मले समजलं नाई" म्हटलं आणि जे हसू पिकलं, त्यानंतर मी जिभेवर पहारा बसवला. वर्षभरात 'मला', 'का' आणि 'नाही' साफ यायला लागलं. इतकी मेहनत करून मिळवलेली भाषा मी इथल्या मुलींना शिकवत होते, पुढे मोठ्या शहरात नोकरी मिळाली तर कोणी त्यांना हसू नये म्हणून. आणि ही शेजारच्या वर्गात भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायची, "काऊन वं, हात काऊन थरथरून राह्यला? मानसाचं तोंड हाय, वाघाचं नाई!"

'तोंड उघडा' असं ती पेशंटला कधी म्हणत नसे. ती त्याला काहीतरी विचारायची. तेही असंतसं नव्हे, ज्याचं उत्तर 'हाव' येईल असंच. "काहो बुवा, सोयाबीन निंघालं काय?" बुवा म्हणायचा "हाव", आणि त्या 'हा'वर बाईचा आरसा आत गेलेला असायचा. मुलींना ती म्हणायची, "पुन्याचे लोकं 'हो' म्हनतात. पाह्यजा म्हनून, तोंडाचा चंबू होते. आपलं मानूस म्हनते 'हाव'. सारं दार उघडं! मंग काऊन लागता मांगं, तोंड उघडा, तोंड उघडा?"

मी तिला एकदा सांगितलं की 'नाही' म्हटलं तरी तोंड उघडतंच.

"मंग तं लयच बरं," ती म्हणाली.

हा प्रयोग मी दार लोटून एका पेशंटवर करून पाहिला. विचारलं, "जेवण झालं का?" तो म्हणाला, "नाही ना मॅडम," आणि का झालं नाही ते सांगत बसला. भावाशी भांडण, पंपाची मोटर, सगळं. मी आरसा हातात धरून बसले होते. शेवटी तो म्हणाला, "त्या बाई नाईत काय आज?"

हे मला सारखं ऐकावं लागायचं. कॉलेजात बाहेरचे पेशंट बघायचो त्या दवाखान्याच्या दिवशी माझी खुर्ची रिकामी असायची आणि लोक तिच्या खुर्चीसाठी बाकावर बसून राहायचे. "या, इकडे या," म्हटलं की म्हणायचे, "राहू द्या मॅडम, घाई नाई." बायका तर तोंडावर बोलायच्या. बाईचा हात हलका हाय. माझा हात जड आहे असं कोणी म्हणालं नाही, पण दोनच खुर्च्या असल्यावर वेगळं म्हणायची गरज काय?

हलका हात ती कशावर शिकवायची, तर टमाट्यावर. तिच्या घरी वरवट बकालला भाजीची शेती. शनिवारी जायची आणि सोमवारी उशिराच्या बसने पिशवीभर टमाटे घेऊन यायची. पिकलेल्या टमाट्यावर खायच्या चुन्याचा लेप लावून वाळवायचा आणि मुलींनी तो स्केलरने, म्हणजे किटण काढायच्या आकडीने, खरवडून काढायचा. साल फाटता कामा नये. "साल फाटलं का हिरडी फाटली. अन् हिरडी फाटली का मानूस पुन्हा येत नाई." आमच्याकडे प्लास्टरचे चांगले जबडे होते, कपाट भरून. मी तसं मीटिंगमध्ये बोलले. ती म्हणाली, "जबडा रडत नाई ना मॅडम. टमाटा रडते." वर्ष अखेरीला मुलींचे हात बघून प्राचार्यांनी टमाट्यांचा खर्च कॉलेजच्या नावावर टाकला. जबड्यांवर धूळ बसली ती मीच पुसत राहिले.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं असतं. नोकरीत असं एखादं माणूस शेजारी येतंच. पण मग माझी मुलगी कॉलेजात आली.

ती बारावी झाल्यावर मीच तिला हायजिनिस्टला घातलं. एकुलती एक, डोळ्यासमोर राहील, दोन वर्षांनी इथेच प्रयोगशाळेत लागेल, मायलेकी एका स्कूटरवर जाऊ-येऊ, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. कोणी बोट दाखवू नये म्हणून पहिल्या दिवशी मी तिला नियम घालून दिला. कॉलेजच्या गेटच्या आत मी तुझी आई नाही. मॅडम म्हणायचं. तिने मान डोलावली, आणि इतका तंतोतंत पाळला की माझी मलाच शिक्षा झाली. व्हरांड्यात समोर आली तर "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून बाजूला व्हायची. एकदा तिला ताप होता. मी कपाळाला हात लावायला गेले तर मागे सरून म्हणाली, "मॅडम, सगळे बघताहेत."

आणि त्याच वर्गात बाई तिच्या पाठीवर थाप मारायची, वेणी ओढायची, स्वतःच्या डब्यातलं तिच्या तोंडात कोंबायची. तिला तर कोणी काहीच म्हणत नव्हतं.

'खिडकी' म्हणजे माझी मुलगी. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, तिच्या वडिलांच्या घराण्यातली. ती फट बुजवायची म्हणून मी ओळखीच्या डॉक्टरांकडे तार लावायचं ठरवलं होतं, माप द्यायचा दिवसही ठरला होता. बाईने पहिल्या दिवशी तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "वा! खिडकी हाय. हवा खेळती राह्यते." झालं. घरी येऊन पोरीने जाहीर केलं, तार नको. मी समजावलं, रागावले, लग्नाचं काढलं. ती म्हणाली, "बाई म्हणतात, दात निरोगी आहेत तर काऊन छेडायचे?"

'काऊन' म्हणाली. माझ्या घरात, माझ्या पोटची. मी माझ्या जिभेवरून वर्षभर घासून काढलेला शब्द माझ्या जेवणाच्या ताटावर परत आला. नवरा भाकरी मोडता मोडता हसला. हा माणूस दिवसभर विजेच्या सामानाच्या दुकानात बसतो, त्याला घरात कोणीतरी त्याच्यासारखं बोलल्याचा आनंद झाला असणार. दुसऱ्या दिवसापासून बापलेक दोघंही 'हाव' म्हणायला लागले. मुलगी त्याला विचारायची, "बाबा, जेवायले वाढू?" तो म्हणायचा "हाव", आणि ती चमच्याची दांडी आरशासारखी त्याच्या तोंडात घालायची. दोघं दात काढायचे. मी वाढत राहायचे.

दुसऱ्या वर्षी जळगाव जामोदला शिबिर झालं. शाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर सातपुडा, आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे ही गर्दी. मुलींनी पहिल्यांदाच खऱ्या माणसांचे दात साफ करायचे होते. मी एका टोकाला, बाई आपला स्टूल घेऊन दुसऱ्या टोकाला. माझी मुलगी माझ्या अगदी पाठीशी, दोन हातांवर. हे मी मांडणी करतानाच बघून ठेवलं होतं.

तिच्या खुर्चीवर एक म्हातारी आली. जन्मभर तंबाखू लावून दात काळेठिक्कर. मुलीने काम सुरू केलं, आणि थोड्याच वेळात हिरडीतून रक्त आलं. अशा हिरडीतून येणारच. ते शास्त्रात आहे, मीच शिकवलेलं आहे. पण म्हातारीने रक्त पाहून एकदम तिचं मनगट पकडलं आणि कण्हायला लागली. मुलगी घाबरली. तोंडाला मास्क, हातात स्केलर, आणि तिने जिवाच्या आकांताने हाक मारली.

मला ऐकू आलं, "आई!"

मी वळले आणि पोचलेसुद्धा. एक पाऊल तर टाकायचं होतं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि बघते तर तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या खांद्यावरून पलीकडे लागले होते. पलीकडून बाई येत होती, स्टूल काखोटीला मारून, धावत. आली, माझ्या आणि पोरीच्या मधून घुसली, तिच्या कोपराखाली आपला तळहात लावला आणि म्हातारीला म्हणाली, "आजी, बाजार करून आल्या काय?" म्हातारी म्हणाली, "हाव." पोरीचा हात स्थिर झाला. काम पूर्ण झालं. मी तिथेच उभी होते, पण कापूस द्यायलासुद्धा मला कोणी सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. मी खिडकीशी बसून एका अक्षराचा हिशेब करत होते. 'बाई' आणि 'आई' यांत फरक तो केवढा? एका 'ब'चा. आणि 'ब' म्हणायला ओठ मिटावे लागतात, मास्कच्या आत ओठ मिटले काय आणि नाही काय, बाहेर काय कळणार? ती 'बाई' म्हणाली असेल आणि मास्कने 'ब' खाल्ला असेल. किंवा घाबरून नियम विसरली असेल आणि खरंच मला 'आई' म्हणाली असेल. ते तर किती बरं. पण मग डोळे तिकडे का? तिसरी शक्यता माझ्या मनात आली आणि मी खिडकी बंद करून घेतली. ती 'आई' म्हणाली असेल, आणि बाईला म्हणाली असेल.

घरी तिचे कपडे बदलून होईपर्यंतसुद्धा मला धीर निघाला नाही. विचारलं, "मघाशी काय म्हणून हाक मारलीस?"

"कधी?"

"म्हातारीने हात धरला तेव्हा."

"आठवत नाही गं. मास्क होता." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुला काय ऐकू आलं?"

"आई."

"मग तेच म्हणाले असेन," ती म्हणाली. फार गोड आवाजात म्हणाली. घाबरलेल्या पेशंटला कसं बोलायचं ते त्यांना दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी वही उघडून बसले होते. बाई आली, पेरू खात खात माझ्या टेबलाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मॅडम, काल पोरीनं तुम्हालेच हाक मारली बरं. म्या उगाच धावली."

मी तिला काही विचारलं नव्हतं. घरी काय बोलणं झालं हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. म्हणजे पोरीने सकाळी येऊन पहिलं काम कोणतं केलं, तर माझ्या मनातली बोच नेऊन बाईला सांगितली. आता यातली कोणती गोष्ट जास्त लागली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पोरीने हाक मारली ती बाईला, हे एक. ते झाकायला बाई खोटं बोलली, हे दुसरं. आणि त्या दोघींनी मिळून माझी समजूत काढायचं ठरवलं. मी म्हणाले, "मला माहीत आहे मला मारली ते," आणि वहीत मान घातली.

त्यानंतर निकाल लागला. प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मी प्राचार्यांशी बोलून ठेवलं होतं, त्यांनी जवळजवळ हो म्हटलं होतं. मुलीला फक्त अर्ज करायचा होता. तिने अर्ज केला नाही. अकोल्याच्या एका दवाखान्यात जागा होती, तिथे जाऊन मुलाखत देऊन आली आणि मग मला सांगितलं. बाईला विचारून गेली होती, हे मला वाकड्या सुळ्याकडून कळलं.

तेव्हा मात्र मी सरळ बाईच्या वर्गात गेले. ती एकटीच होती, चुन्याच्या वाट्या धूत होती.

"माझ्या मुलीला अकोल्याला जा म्हणून तुम्ही सांगितलंत?"

"म्या नाई सांगतलं. तिनं इचारलं, जाऊ काय? म्या म्हनलं हाव."

"मला न विचारता?"

"तुम्हाले इचारून म्या हाव म्हनू काय वो?" तिने वाटी पालथी ठेवली. "ते इथं राह्यली तं मॅडमची पोरगी म्हून राह्यीन जल्मभर."

"मग? आहेच ती माझी पोरगी!"

माझा आवाज किती वर गेला ते मला बाहेर मुली थबकल्या तेव्हा कळलं. बाईने हात पुसले. तिला दोन मुलगे, दोघंही शेतीत, मुलगी नाही. हे मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून कितीतरी दिवस जवळ ठेवलं होतं आणि त्या दिवशी काढलं.

"स्वतःला मुलगी नाही म्हणून दुसऱ्याची घ्यायची?"

तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी, दातांकडे. मग म्हणाली, "घेतली नाई मॅडम. हात धरला फक्त. तुम्हाले पाह्यजे होता तं तुम्ही धरायचा होता." आणि जरा थांबून, "तुम्हीनंच तं तिले मॅडम म्हनायले लावलं."

मी निघून आले. तिचं खरं होतं असं मी म्हणणार नाही. नियम चांगला होता, आणि तो कशासाठी केला ते कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईने पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. नवऱ्याचे गुडघे गेले होते, त्याच्याजवळ कोणीतरी हवं होतं. निरोपसमारंभाला मुली रडल्या, प्राचार्य रडले, शिपाई रडला. बाईला बोलायला उभं केलं तर ती म्हणाली, "रात्री दात घासून झोपत जा," आणि खाली बसली. माझी मुलगी खास अकोल्याहून आली होती. माझ्या वाढदिवसाला तिला सुट्टी मिळाली नव्हती.

बाईच्या जागी आता एक नवी मुलगी आली आहे. वेळेवर येते, हजेरीपट भरते, अवजारांची नावं अचूक सांगते, प्लास्टरचे जबडे वापरते. माझी खुर्ची भरलेली असते. मला कोणाचा त्रास नाही. आणि तरीही पेशंट माझ्याकडून उठताना आरशात दात बघतात आणि म्हणतात, "चांगले झाले मॅडम. पयले इथं एक बाई होत्या..."

गेल्या दिवाळीनंतर मी अकोल्याला मुलीच्या दवाखान्यात गेले. पहिल्यांदाच. तिने किती वेळा बोलावलं होतं, दात साफ करून देते म्हणाली होती, मी टाळत होते. खालच्या दातांच्या मागे किटण साचलं होतं. आपलं आपण काढता येत नाही, आणि कॉलेजात त्या नव्या मुलीपुढे तोंड उघडायची मला इच्छा नव्हती. मुलीने मला खुर्चीवर निजवलं, गळ्यात रुमाल बांधला, दिवा ओढला. मास्क लावला. आता फक्त तिचे डोळे दिसत होते.

"दुखलं तर डावा हात वर कर," ती म्हणाली. सगळ्यांनाच सांगतात.

तिने सुरुवात केली. मी पंचवीस वर्षं हे काम करते आहे. कुठे अवजार टेकतं, कुठे घसरतं, कुठे हिरडी दबते हे मला डोळे मिटून कळतं. मी वाट बघत होते. तिचं कोपर शरीराला चिकटलेलं होतं, करंगळी माझ्या हनुवटीवर टेकलेली होती. मी असं कधी शिकवलं नव्हतं. खालच्या दातांच्या आत, जिथे सगळ्यांचाच हात अवघडतो, तिथे ती गेली आणि किटणाचा तुकडा निघाला, तो मला जिभेवर पडल्यावर कळला. कुठे काही लागत नव्हतं. जरासुद्धा नाही. त्या हातात माझं काही असेल म्हणून मी शोधत होते आणि ते सापडत नव्हतं, आणि तोंड उघडं असल्यामुळे कोणाला काही म्हणताही येत नव्हतं.

मी डावा हात वर केला.

ती तत्क्षणी थांबली. अवजार बाजूला ठेवलं, मास्क खाली ओढला, खुर्ची माझ्याजवळ सरकवली. पुढच्या दातांमधली ती फट दिसली. "कुठे दुखलं, आई?"

दुखलं कुठेच नव्हतं. मी उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं.

तिने आरसा लावला, दिवा फिरवला, माझी मान हातात धरून अलगद वळवली आणि खाली वाकून नीट बघितलं. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. बाहेर बाकावर लोक ताटकळले होते, कोणीतरी तिला दारातून हाक मारली, तिने मान वर केली नाही. बराच वेळ तिने पाहिलं.

"इथे तर काही नाही गं."

"परत बघ," मी म्हणाले.